वंचित समाजगटांसाठी जनुकीय समुपदेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न समुपदेशक, डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीपातळीवर काम करणारे आरोग्य कार्यकर्ते यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. काही प्रश्न रुग्णांचे आहेत. तेही इथेच घेतले आहेत, कारण त्यांची उत्तरं कार्यकर्त्याला तोंडपाठ असलेली बरी.

जनुकीय समुपदेशन म्हणजे रक्त तपासणीच ना?

तपासणी हा त्यातला एक टप्पा, आणि कधीकधी तो येतही नाही. घराण्यातल्या आजारांची माहिती घेणं, कोणता आजार असू शकतो याचा अंदाज बांधणं, तपासणीतून काय कळेल आणि काय कळणार नाही हे आधी सांगणं, संमती घेणं, निकाल समजावणं, पुढच्या निर्णयांत सोबत करणं आणि नातेवाइकांपर्यंत माहिती पोचवायला मदत करणं, हे सगळं त्यात येतं. सगळं ऐकून एखाद्याने तपासणी न करण्याचं ठरवलं, तरी समुपदेशन झालंच.

आमच्याकडे अशा गटांतले रुग्ण येतच नाहीत. जागृती कमी पडते का?

थोडीफार पडत असेल, पण जागृतीच्या माथी फार काही मारलं जातं. रुग्ण बहुतेक वेळा ठरावीक जागीच गळतो. डॉक्टरने समुपदेशनासाठी पाठवायची चिठ्ठीच दिली नाही. चिठ्ठी दिली, पण तारीख तीन महिन्यांनंतरची. तारीख मिळाली, पण त्या दिवशीची मजुरी बुडते. भेट झाली, पण नमुना द्यायला वेगळ्या दिवशी वेगळ्या इमारतीत यायचं. निकाल आला, पण दिलेला फोन बंद. निकाल कळला, पण पुढचा उपचार परवडत नाही. यांतली एकही जागा पत्रकं वाटून दुरुस्त होत नाही.

गेल्या वर्षभराच्या नोंदी काढा आणि प्रत्येक पायरीवर किती जण उरले ते कागदावर मांडा. सर्वांत मोठी गळती जिथे दिसेल, तिथून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी एक दुरुस्ती लगेच करता येते: भेट, संमती आणि नमुना एकाच दिवशी, एकाच जागी.

चिठ्ठी कोणाला द्यायची, हे डॉक्टरच्या अंदाजावर सोडलं तर काय बिघडतं?

अंदाज सारखा लागत नाही. नीट बोलणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या रुग्णाला चिठ्ठी मिळते; गप्प बसणाऱ्याला मिळत नाही. म्हणून अंदाजाऐवजी नियम हवा. अंडाशयाच्या कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला समुपदेशन. स्तनाचा कर्करोग झालेल्या प्रत्येक पुरुषाला समुपदेशन. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या प्रत्येक गाठीवर लिंच सिंड्रोमची (आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक स्थितीची) प्राथमिक तपासणी. गर्भवतीच्या साध्या रक्त तपासणीत एमसीएच (एका तांबड्या पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ पिकोग्रॅमपेक्षा कमी आलं, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकतेची तपासणी; वाहक म्हणजे बदललेलं जनुक बाळगणारा, पण स्वतः आजारी नसलेला. असे नियम अहवालाच्या छापील नमुन्यातच लिहून ठेवले की कोणाच्या आठवणीवर काही राहत नाही.

रुग्णाला आजी-आजोबांचे आजार माहीत नसतील तर वंशवृक्ष कसा काढायचा?

तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढावा, हा नियम बरोबर आहे. पण तो गृहीत धरतो की नातेवाईक दवाखान्यात गेले होते, त्यांचं निदान झालं होतं आणि ते घरच्यांना कळलं होतं. स्थलांतर, युद्ध, दत्तक, लवकर झालेले मृत्यू किंवा नुसती गरिबी यांमुळे यांतलं काहीच घडलेलं नसू शकतं. म्हणून आजाराचं नाव विचारू नका. विचारा: किती वयात गेले? अचानक की आजारी पडून? पोट फुगलं होतं का, छातीत गाठ होती का, डोळे पिवळे पडायचे का, पुन्हा पुन्हा रक्त द्यावं लागायचं का? चालता येणं कोणत्या वयात थांबलं? किती मुलं जन्मली आणि किती जगली? हा शेवटचा प्रश्न हळू आवाजात, एकांतात. गर्भपात आणि दगावलेली बाळं आपणहून कोणी सांगत नाही, आणि नेमकी तीच माहिती बऱ्याचदा निदानाकडे नेते.

माहिती मिळाली नाही तर तिथे ‘माहीत नाही’ असंच लिहा. ‘आजार नाही’ लिहू नका. या दोन नोंदींतल्या गोंधळामुळे धोका कमी मोजला जातो आणि पात्र रुग्ण तपासणीच्या निकषातून बाहेर पडतो. घरात स्त्रियाच कमी असतील, किंवा बहुतेक नातेवाईक तरुणपणीच गेले असतील, तर घराण्यात कर्करोग दिसत नाही याला फारसा अर्थ उरत नाही, हेही नोंदवा.

भेटीला किती वेळ ठेवावा?

पहिली भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची असते. दुभाषा असेल तर दीडपट ते दुप्पट. तेवढा वेळ नसेल तर एकाच भेटीत सगळं कोंबू नका. आनुवंशिकतेची सामान्य माहिती आधी गटाला द्या, आणि घराण्याचा इतिहास, संमती व निर्णय एकेकट्याशी बोला. गटात कोणाची वैयक्तिक माहिती निघणार नाही, एवढं मात्र काटेकोरपणे पाळा.

सोबत आलेल्या मुलीने किंवा नवऱ्याने भाषांतर केलं तर चालेल का?

पत्ता, तारीख, औषधाची वेळ यांपुरतं चालेल. समुपदेशनासाठी नको. नातेवाईक वाईट बातमी गाळतो, स्वतःचं मत घालतो, आणि आकडे तर सर्रास बदलतात. लहान मुलाला आईच्या गर्भाविषयी बोलायला लावणं तर कोणत्याच कारणाने योग्य नाही.

प्रशिक्षित दुभाषा मिळाल्यावरही काम आपोआप होत नाही. भेटीआधी पाच-दहा मिनिटं त्याच्याशी बोला: आज कोणता विषय आहे, कोणते शब्द येतील, आणि वाहक, गुणसूत्र, धोका यांसाठी त्या भाषेत तो काय वापरणार आहे. एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नका. बघायचं रुग्णाकडे, दुभाष्याकडे नाही. तुमची चार वाक्यं त्याने एका वाक्यात संपवली, किंवा उलटं झालं, तर थांबा आणि विचारा.

एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. लहान समाजात त्या भाषेचा एकुलता एक दुभाषा हा रुग्णाच्या ओळखीचा, कधी सोयरिकीतलाच निघतो. अशा वेळी रुग्ण घराण्यातलं काही सांगत नाही आणि आपण समजतो की इतिहास कोरा आहे. तारीख ठरवतानाच विचारावं, ‘दुभाषा तुमच्या ओळखीचा नसलेला हवा का?’ आणि दूरच्या गावातला, फोनवरचा पर्याय तयार ठेवावा.

धोका टक्क्यांत सांगावा की अपूर्णांकात?

पूर्ण संख्यांत सांगा, आणि खालची संख्या कायम ठेवा. ‘१०० पैकी १’ आणि ‘२५० पैकी १’ यांत पुष्कळ लोकांना दुसरा धोका मोठा वाटतो, कारण २५० मोठे. तेच ‘१,००० पैकी १०’ आणि ‘१,००० पैकी ४’ असं मांडलं की तुलना सरळ होते. दोन्ही बाजू सांगा: १०० पैकी ३ बाळांना दोष असतो, ९७ बाळांना नसतो. ‘धोका दुप्पट होतो’ हे वाक्य एकटं कधीच वापरू नका. दुप्पट होऊन तो १,००० पैकी २ झाला की १०० पैकी ४०, यावर सगळं अवलंबून आहे. ‘कमी’, ‘थोडा’, ‘बराच’ हे शब्द प्रत्येकाच्या मनात वेगळे असतात.

दोन्ही पालक अशा एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ४ पैकी १ शक्यता बाळाला आजार असण्याची, ४ पैकी २ बाळ वाहक असण्याची, आणि ४ पैकी १ दोन्हींपैकी काहीच नसण्याची. इथे ठरलेला गैरसमज असा: एक मूल आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली. तोंडी समजावून तो जात नाही. दोन पिशव्या घ्या, म्हणजे दोन पालक; प्रत्येकीत एक लाल (बदललेलं जनुक) आणि एक पांढरा मणी. रुग्णाला दोन्हींतून एकेक मणी काढायला सांगा, नोंद करा, मणी परत पिशवीत टाका, पुन्हा काढा. दहा-बारा वेळा केल्यावर लागोपाठ दोनदा लाल-लाल येऊ शकतं हे तो स्वतःच बघतो. अट एकच: मणी परत टाकायला विसरू नका. विसरलात तर नेमका उलटा धडा दिला जातो.

अहवालातला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्दही बोलताना टाळा. काहींना ती चांगली बातमी वाटते. ‘बदल सापडला’ किंवा ‘बदल सापडला नाही’ म्हणा.

समजलं की नाही हे कसं ओळखायचं?

‘समजलं का?’ याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं, विशेषतः समोर पांढरा कोट असेल तर. जबाबदारी स्वतःकडे घेऊन विचारा: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर बहिणीला हे कसं सांगाल?’ चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणू नका. वेगळ्या पद्धतीने सांगा आणि पुन्हा विचारा. हे भेटीच्या शेवटी एकदा न करता प्रत्येक मुद्द्यानंतर करावं. एका भेटीत तीन मुद्दे पुष्कळ झाले.

‘दोष कोणाकडून आला?’ असं घरचे विचारतात. काय सांगायचं?

उत्तर चुकलं तर त्याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते: टोमणे, माहेरी पाठवणं, दुसरं लग्न. म्हणून हा प्रश्न येईपर्यंत थांबू नये, आपणहून बोलावं.

सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आजार) आणि थॅलेसेमिया मेजर (थॅलेसेमियाचा गंभीर प्रकार) यांत दोन्ही पालकांकडून एकेक बदललेलं जनुक आलेलं असतं. हे नवरा-बायको दोघंही समोर असताना, दोघांचे अहवाल शेजारी ठेवून सांगा. म्हणूनच दोघांचीही तपासणी हवी. नुसती आईची तपासणी करून थांबलं की कागदावर तिचंच नाव राहतं.

हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आणि डुशेन स्नायुदुर्बलता यांत जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता २ पैकी १ आणि प्रत्येक मुलीने वाहक असण्याची शक्यता २ पैकी १. पण मुलाला डुशेन आहे म्हणजे आई वाहक आहेच, असं नाही. साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईची तपासणी होण्याआधी ‘आईकडून आलं’ असं कोणीही, अगदी सहज बोलतानाही, म्हणू नये.

आणि एक वाक्य प्रत्येक कुटुंबाला सांगावं: गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय केलं, कोणाची नजर लागली, यांतल्या कशानेही हे बदल होत नाहीत. रुग्णाची श्रद्धा खोडून काढायची गरज नसते. ‘तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे झालं?’ असं आधी विचारून, तिचं ऐकून घेऊन मग हे सांगितलं तर ते आत उतरतं.

नात्यातलं लग्न असेल तर कसं बोलावं?

आकडे घेऊन आणि नाक न मुरडता. कोणत्याही जोडप्याच्या बाळाला जन्मजात दोष किंवा गंभीर आनुवंशिक आजार असण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ३ असते. पहिल्या पिढीतल्या चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात तीत साधारण २ ते ३ ची भर पडते. म्हणजे १०० पैकी ९४-९५ बाळं निरोगी जन्मतात. मामा-भाचीच्या लग्नात धोका याहून जास्त, कारण त्यांची जनुकं दुपटीने सामायिक असतात. घराण्यात आधीच एखादा आजार असेल तर मात्र हे सरासरी आकडे बाजूला ठेवा आणि त्या आजाराचं गणित करा. ‘नात्यात लग्न का केलंत?’ हा प्रश्न झालेल्या लग्नाला काही उपयोगाचा नाही, आणि पुढच्या भेटीला तो रुग्ण येत नाही.

शिबिरात सिकलसेलची झटपट तपासणी होते. तेवढ्यावर समुपदेशन करावं का?

करू नये. शिबिरांत बऱ्याचदा वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी रक्तात हिमोग्लोबिन एस (सिकलसेलमधलं बदललेलं हिमोग्लोबिन) आहे की नाही एवढंच दाखवते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळांत आणि तीव्र रक्तक्षयात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. थॅलेसेमियाचा वाहक तिला दिसतच नाही, आणि हीच मोठी चूक ठरते: एक पालक सिकलसेलचा वाहक, दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक, चाचणीत दुसरा ‘ठीक’, आणि बाळाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होण्याची शक्यता ४ पैकी १. निदान एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांनीच करावं.

एचपीएलसीलाही मर्यादा आहेत. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर दात्याचं हिमोग्लोबिन अहवालात मिसळतं. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन ए२ सहसा ३.५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, पण लोहाची कमतरता असेल तर ते खाली येऊन वाहकता झाकली जाऊ शकते. कुपोषण जास्त असलेल्या वस्तीत हे वारंवार घडतं. सीमारेषेवरचा आकडा आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासा. बाई गर्भवती असेल तर मात्र थांबायला वेळ नसतो. थेट जोडीदाराची तपासणी आणि गरजेनुसार डीएनए तपासणी करा.

‘तुम्ही वाहक आहात, आजारी नाही’ हे वाक्य लेखी द्यावं. अमेरिकेत १९७०च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या सिकलसेल तपासणीची घाई झाली, काही राज्यांनी ती सक्तीची केली, आणि वाहक व रुग्ण यांत गल्लत होऊन निरोगी माणसांना नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. तपासणी तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हती. तिच्या पुढे-मागे समुपदेशन नव्हतं.

गर्भवती उशिरा आली तर काय करता येतं?

उलट्या दिशेने मोजा. गर्भाच्या निदानासाठी वारेचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल १५ आठवड्यांनंतर. त्याआधी दोन्ही पालकांतले नेमके बदल माहीत असावे लागतात, आणि त्यालाच दोन-तीन आठवडे जाऊ शकतात. म्हणून ‘आधी बाईची तपासणी, ती वाहक निघाली तर नवऱ्याची’ हा क्रम दूरच्या रुग्णांसाठी सोडून द्या. पहिल्याच भेटीत दोघांचं रक्त घ्या. एनआयपीटी (आईच्या रक्तातून गर्भाच्या डीएनएची तपासणी) १० आठवड्यांपासून होते, पण ती चाळणी आहे. तिच्यात धोका जास्त दिसला तर निदानाची तपासणी झाल्याशिवाय गर्भाविषयी कोणताही निर्णय होऊ नये, हे नमुना घेण्याआधीच सांगा.

नमुने बाद का होतात?

बहुतेकदा नळी चुकते. डीएनए तपासणीला जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी लागते. हेपॅरिनमुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) अडतं. गुणसूत्रांच्या तपासणीला उलट हिरव्या झाकणाची हेपॅरिन नळी लागते, कारण पेशी जिवंत हव्यात, आणि ती एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. तिला गोठवायचं नाही. शुक्रवारी दुपारी घेतलेला असा नमुना रविवारभर पडून राहतो. लाळेच्या नमुन्याआधी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, तंबाखूही नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या रक्तात आणि लाळेत दात्याचा डीएनए येतो. त्याला त्वचेचा नमुना लागतो. नमुना बाद झाला तर प्रवासाचा खर्च रुग्णाच्या माथी पडतो आणि तो बहुधा परत येत नाही. त्यामुळे नळीवरचं नाव, जन्मतारीख आणि झाकणाचा रंग दोघांनी तपासावा.

आमच्या रुग्णांच्या अहवालांत ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त का येतो?

२०१५ पासून बहुतेक प्रयोगशाळा जनुकातला बदल पाच गटांत टाकतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. कोणत्या गटात टाकायचं हे ठरवताना तो बदल निरोगी लोकांत किती आढळतो हे बघतात. पण माहितीसाठ्यांत लोक कोणाचे आहेत? २०१६ साली झालेल्या आढाव्यात जनुकीय संशोधनांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्के युरोपीय वंशाचे निघाले; २००९ मध्ये तो आकडा ९६ टक्के होता. ज्या समाजाची नोंदच नाही, त्यात सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही दुर्मीळ भासतो.

याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात काही बदल रोगकारक म्हणून सांगितले गेले होते. नंतर ते कृष्णवर्णीय अमेरिकनांत सामान्यपणे आढळतात असं दिसलं. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. सुरुवातीच्या अभ्यासांत थोडे कृष्णवर्णीय निरोगी लोक घेतले असते, तरी ही चूक टळली असती.

व्यवहारात काय करायचं: अनिश्चित बदलावरून शस्त्रक्रिया करू नका, गर्भाविषयी निर्णय घेऊ नका, आणि नातेवाइकांची त्या बदलासाठी तपासणी करून त्यांचा धोका ठरवू नका. उपचार घराण्याच्या इतिहासावर आणि रुग्णाच्या लक्षणांवर ठरवा. असे बहुतेक बदल पुढे निरुपद्रवी गटात जातात, पण ते रुग्णाला कळवणार कोण? अहवालाची तारीख लिहून ठेवा, दर एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेला पुन्हा विचारा, आणि ही जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाका. शक्य असेल तिथे पालकांची तपासणी करा: गंभीर आजार असलेल्या मुलातला बदल दोन्ही पालकांत नसेल, म्हणजे नव्याने झालेला असेल, तर तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. असा शेरा येऊ शकतो हे नमुना घेण्याआधी सांगितलं असेल, तर नंतरची घबराट बरीच कमी होते.

‘बदल सापडला नाही’ म्हणजे धोका संपला?

कोणते बदल शोधले यावर आहे. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आणि पचनाच्या आनुवंशिक आजाराच्या २३ बदलांच्या जुन्या यादीने युरोपीय वंशाच्या गोऱ्यांतले सुमारे ८८ टक्के वाहक सापडत, आफ्रिकी-अमेरिकनांतले सुमारे ६४ आणि आशियाई-अमेरिकनांतले साधारण ४९ टक्के. म्हणजे एकच अहवाल दोघांना वेगवेगळा दिलासा देतो. प्रयोगशाळेला विचारा की या समाजातले किती टक्के बदल यादीत आहेत. उत्तर समाधानकारक नसेल तर यादीऐवजी संपूर्ण जनुक वाचणारी तपासणी निवडा. अनेक जनुकांवरून काढलेले एकत्रित धोक्याचे गुणही युरोपीय वंशाबाहेर कमी अचूक ठरतात. ते अशा रुग्णांना जपूनच सांगावेत.

फोनवर समुपदेशन चालतं का?

चालतं. स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाच्या समुपदेशनात फोनवरची पद्धत प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी ठरली नाही, असं तुलनात्मक चाचण्यांत दिसलं आहे. व्हिडिओचा आग्रह धरू नका; नेट अडखळलं की लोक लाजेखातर ‘हो, हो’ म्हणतात. सुरुवातीलाच विचारा: ‘आत्ता एकट्या आहात का? मोकळेपणी बोलता येईल का?’ फोन घरात एकच असतो, स्पीकरवर असतो, दुसऱ्याच्या हातात असतो. नंबर घेतानाच तीन गोष्टी नोंदवा: फोन कोणाचा, निरोप ठेवला तर चालेल का, आणि हा बंद असेल तर दुसरा विश्वासाचा नंबर कोणता. चित्रांचा कागद आधी पाठवला, तर फोनवर ‘दुसरं चित्र बघा’ म्हणता येतं.

आरोग्य कार्यकर्त्याने काय करावं आणि कुठे थांबावं?

घराण्याची प्राथमिक माहिती घेणं, तपासणी कशाची हे साध्या भाषेत सांगणं, तारखेची आठवण, प्रवासाची सोय, निकालाच्या दिवशी सोबत, नंतर घरी भेट: हे सगळं कार्यकर्ती उत्तम करू शकते, बऱ्याचदा समुपदेशकापेक्षा चांगलं. निकालाचा अर्थ लावणं आणि धोक्याचा आकडा सांगणं मात्र तिच्यावर टाकू नये. कोणाची तपासणी झाली हे शेजाऱ्यांनी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचा सराव तिच्याकडून करून घ्या. आणि या कामाचा मोबदला द्या. फुकटच्या कामावर उभा केलेला कार्यक्रम वर्षभरात बसतो.

‘माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?’

‘मी सांगू शकत नाही’ असं कोरडं उत्तर देऊ नका. ज्याला आयुष्यभर डॉक्टरने हुकूमच दिले, त्याला ते टाळाटाळ वाटतं. म्हणा: ‘वेगवेगळी माणसं वेगवेगळं ठरवतात. काही जण हे करतात, कारण… काही जण ते करतात, कारण… तुमच्यासाठी यातलं जास्त महत्त्वाचं काय?’ उपचाराचा स्पष्ट फायदा सिद्ध झालेला असेल, उदाहरणार्थ लिंच सिंड्रोममध्ये नियमित कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी), तर सरळ शिफारस करावी. तटस्थता ठेवायची ती मूल होऊ देणं, गर्भ ठेवणं, लग्न यांसारख्या निर्णयांत.

निर्णय घरातली वडीलधारी माणसंच घेतात. त्यांना बाहेर बसवावं का?

रुग्णाला विचारा, कोणाला सोबत ठेवायचं. काहींना सासूबाई हव्याच असतात, आणि त्यांच्याशिवाय घेतलेला निर्णय घरी टिकत नाही. पण प्रत्येक भेटीत दहा मिनिटं रुग्ण एकटी असली पाहिजे. हा दवाखान्याचा सर्वांसाठीचा नियम म्हणून सांगितला की कोणाला राग येत नाही.

लहान मुलांची तपासणी करावी का?

बालपणीच उपचार किंवा देखरेख बदलणार असेल तर करावी. मोठेपणी होणाऱ्या, बालपणी काही करता न येणाऱ्या आजारांसाठी, जसं हंटिंग्टन हा मेंदूचा आजार, मूल सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत थांबावं. निव्वळ वाहकता बघायलाही थांबणंच बरं. मुलीच्या कपाळी तो शिक्का लग्नाच्या बोलणीत फार आधीच बसतो.

तपासणीत वडील वेगळे असल्याचं दिसलं तर?

असं दिसू शकतं हे संमती घेतानाच, दोघांना वेगवेगळं सांगावं, आणि अशी माहिती सांगायची की नाही याचं धोरण तुमच्या केंद्राने आधीच लिहून ठेवावं. निकाल हातात आल्यावर बसून ठरवायची ही गोष्ट नव्हे.

लोक रक्त द्यायला घाबरतात. ‘आमच्यावर प्रयोग कराल’ म्हणतात.

भीतीला इतिहास आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीने १९९०च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं आणि जमातीचं मूळ यांच्या संशोधनात वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१० साली अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाने तडजोड करून नमुने परत केले. म्हणून उपचाराची संमती आणि संशोधनाची संमती वेगवेगळ्या कागदांवर, वेगवेगळ्या सह्यांनी घ्या. संशोधनाला नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तोंडी सांगा. नमुना कुठे जाईल, किती दिवस ठेवला जाईल, नष्ट करता येईल का, याची उत्तरं आधी मिळवा.

विम्याविषयी खोटा दिलासा देऊ नका. कायदे देशागणिक वेगळे आहेत आणि जिथे आहेत तिथेही त्यांत भोकं आहेत. अमेरिकेचा २००८ चा जनुकीय भेदभावविरोधी कायदा आरोग्य विमा आणि नोकरीला लागू होतो, आयुर्विम्याला नाही.

नातेवाइकांना कोण कळवणार?

रुग्णानेच कळवावं अशी अपेक्षा असते, पण नुकतंच स्वतःचं निदान ऐकलेल्या माणसावर ते ओझं असतं. बीआरसीए (स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा) किंवा लिंचसारख्या बदलात प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता २ पैकी १. निकालाच्या दिवशीच वंशवृक्ष समोर घेऊन कोणाला कळवायचं त्यांच्या नावांवर खुणा करा. एक पानाचं पत्र द्या: आजार कोणता, नेमका बदल कोणता, तपासणी कुठे होईल. त्यात रुग्णाचं नाव घालायचं की नाही, ते रुग्ण ठरवेल. अहवालाची प्रत सोबत असेल तर नातेवाइकांत तो एकच बदल शोधावा लागतो आणि खर्च बराच कमी होतो. वाचता न येणाऱ्यांसाठी रुग्णाच्याच भाषेतला दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित निरोप पत्राहून जास्त फिरतो. पण एकदा पुढे पाठवलेला निरोप कोणाच्या हाती पडेल ते सांगता येत नाही, म्हणून त्यात नाव नको.

सुधारणा झाली की नाही, हे कसं मोजायचं?

किती शिबिरं झाली हा आकडा बाजूला ठेवा. चिठ्ठीपासून निकाल हाती पडेपर्यंत किती दिवस गेले. आलेल्या निकालांपैकी किती प्रत्यक्ष रुग्णाला सांगितले गेले. ‘अर्थ अनिश्चित’ किती जणांना. किती नातेवाइकांची तपासणी झाली. बदल सापडलेल्यांपैकी किती जण वर्षानंतरही उपचारात आहेत. यांतला प्रत्येक आकडा भाषा, अंतर आणि पैसे कोण भरतं यांनुसार वेगळा काढा, कारण सरासरीत नेमके हेच रुग्ण दडतात. रुग्णाला आपल्या स्थितीवर ताबा वाटतो का, हे विचारणारी जीसीओएस-२४ सारखी प्रश्नावली आहे, पण ती वाचून भरायची आहे. वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, आणि वाचणारा तोच समुपदेशक नसावा.